भिंतीवरचे खडूचे ठसे

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कोथरूडच्या एका इनडोअर हॉलमध्ये सकाळी सहाला व्हॉलीबॉलचे तीन गट जमले होते: जिल्हा पातळीवर खेळणारी शाळेतली मुलं, आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालेला कॉलेजचा संघ आणि राज्याच्या सीनियर शिबिरातले सहा जण. मी फिजिओ. सगळ्यांचा दमसास बीप टेस्टने मोजायचा होता. 20 मीटरवर दोन रेषा, बीप वाजायच्या आत पलीकडची गाठायची. वेग ताशी 8.5 किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो; अशी एकेक पायरी म्हणजे एक लेव्हल.

राज्याचा मिडल ब्लॉकर, म्हणजे जाळीच्या मध्याशी उडी मारून समोरचा फटका अडवणारा, आठव्या लेव्हलला थांबला. सहा फूट चार इंच उंची, 91 किलो वजन. रेषेवर पाय रोवून तो वळायचा तेव्हा बुटाचा रबर किंचाळायचा, आणि तेवढं धूड पुन्हा वेगात आणायला त्याची निम्मी ताकद जायची. त्याच वेळी शाळेचा लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू), 46 किलोचं पोर, दहावी लेव्हल पुरी करून हसत बाहेर आलं.

शिबिराचे सर माझ्याकडे आले. ‘‘मॅडम, शाळेतलं पोर याच्या पुढं गेलं. पाचव्या, शेवटच्या सेटला हा काय उभा राहणार?’’

माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी एका संघाला मी नुसत्या लेव्हलचा कागद दिला होता, वरून खाली उतरत्या क्रमाने. तळाच्या दोघांची नावं संघातून गेली. त्यातल्या एकाचा ब्लॉक फार सुंदर होता. त्याने पुढे खेळणंच सोडलं. चूक माझी होती. आकडा दिला, त्याचा अर्थ सांगितला नाही.

म्हणून म्हटलं, ‘‘सर, अर्धा तास द्या.’’

व्हॉलीबॉलमधली बहुतेक रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतचा खेळ, काही सेकंदांत संपते. उडीची ताकद स्नायूत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनातून येते, तिथे धावण्याचा दम लागत नाही. पण तो साठा दोन रॅलींच्या मधल्या वेळात पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो. दमसासाचं खरं काम तिथे आहे: उडी उंच करणं नव्हे, तर विसावी उडी पहिलीइतकी ठेवणं.

थोडी विश्रांती देऊन त्या ब्लॉकरला आणि कॉलेजच्या एका स्पायकरला, म्हणजे जाळीवरून जोरात फटका मारणाऱ्याला, भिंतीपाशी उभं केलं. स्पायकर बीप टेस्टमध्ये दहाव्या लेव्हलपर्यंत गेला होता. बोटांना खडू लावायचा, पाच उड्या, 20 सेकंद थांबा, असे दहा फेरे. पांढरे ठसे भिंतीवर एकाखाली एक उमटत गेले. स्पायकरचा शेवटचा ठसा पहिल्यापेक्षा नऊ सेंटिमीटर खाली आला, ब्लॉकरचा पाच. आणि ब्लॉकरचा सगळ्यात खालचा ठसासुद्धा स्पायकरच्या सगळ्यात वरच्या ठशाच्या वर होता.

सर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

पण मला त्यांचीही बाजू पुरती खोडायची नव्हती. शेवटच्या तीन फेऱ्यांत ब्लॉकरची नाडी मधल्या 20 सेकंदांत खाली येतच नव्हती. मानेवरची शीर लांबूनही उडताना दिसत होती. मागच्या रांगेत गेल्यावर त्याच्या जागी लिबेरो येतो, म्हणून सामन्यात हे झाकून जातं. त्याचा दमसास खरंच वाढवायला हवा होता, पण मैदानाला दहा चकरा मारून नव्हे. एवढ्या वजनाच्या गुडघ्यांवर तो भार मी टाकणार नाही. आठवड्यातून दोनदा सायकलवर थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं, असं सहा आठवडे करायचं ठरलं.

‘‘मला काढणार नाहीत ना, मॅडम?’’ घाम पुसत त्याने हळूच विचारलं. ‘‘सायकल चालव, मग ही भिंत पुन्हा बघू,’’ म्हटलं.

त्या संध्याकाळी सरांना कागद दिला. बीप टेस्टच्या लेव्हलशेजारी वजन, खेळण्याची जागा, पहिली आणि शेवटची उडी, नाडी. नावं या वेळी जर्सीच्या क्रमांकाने लिहिली.