पहारेकरी जेवला का?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच: "आम्ही पाच जण जमलोय, गेम मी चालवणार आहे. पहिल्यांदाच. गोष्ट किती लिहून ठेवू?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक जाड वही असते. तुम्हीही विचारलंत म्हणून माझ्या वहीचं काय झालं ते सांगतो.

हा प्रकार ज्यांच्या कानावर प्रथमच पडतोय त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळात टेबलाभोवतीचा प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक जण मात्र उरलेलं सगळं होतो: गाव, पाऊस, चोर, राक्षस. तो गेम मास्टर. पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात.

तर माझी वही. दोनशेपानी, त्यातली सदतीस पानं भरलेली. किल्ला आपल्या सोलापूरच्या भुईकोटावरूनच उचलला होता: खंदक, दुहेरी तटबंदी, आत बत्तीस खांबांची इमारत. तिच्याखालचं भुयार तेवढं माझं. भुयारात कोण कोंडलंय, त्याचं राज्य कसं गेलं, तो सूड कसा घेणार, सगळं तारीखवार. मे महिन्यातली दुपार, नव्या पेठेत मित्राची माडी, कूलरची घरघर. किल्ल्याच्या दारात मी एक पहारेकरी उभा केला होता. त्याच्या वाट्याला वहीत एकच वाक्य होतं: "किल्ला बंद आहे, उद्या या."

ते मी म्हटलं. त्यावर आमच्यातल्या वकिलाने विचारलं, "काका, जेवलात का?"

वहीत हे कुठेच नव्हतं. मी म्हणालो, "नाही." तोंडात आलं ते बोललो, बस. लगेच कुणीतरी आपल्या पात्राची शिदोरी सोडली. कडक भाकरी आणि शेंगा चटणी निघाली. (नियमात तिला नुसतं 'रेशन' म्हणतात, आत काय असतं ते आम्हीच ठरवलं.) मग प्रश्न सुरू झाले. का नाही जेवला? पगार थकलाय. किती महिने? कोण अडवतंय? दोन तास गेले आणि किल्ल्यात कुणी पाऊल ठेवलं नाही. मी तीनदा त्यांना आत ढकलायला गेलो, एकदा तर शेजारच्या झाडावर वीज पाडली. तेव्हा ज्याच्या घरी पूर्व भागात माग आहेत तो मित्र म्हणाला, "बीम तूच भरलास, धोटाही तूच मारणार. मग आम्ही काय नुसतं कापड बघत बसायचं का बे?" (बीम म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रूळ, धोटा त्यातून आडवा धागा नेतो.)

राग आला. घरी येऊन वही पुन्हा वाचली, तर सदतीस पानांत खेळाडूंसाठी एक ओळही मोकळी सोडलेली नव्हती.

आता मी गोष्ट लिहीत नाही, माणसं लिहितो. तीनच. प्रत्येकाला काय हवंय, आणि खेळाडू तिकडे फिरकलेच नाहीत तर पुढच्या आठवड्यात तो काय करून बसेल, एवढंच. यातला दुसरा भाग बरेच जण विसरतात, आणि मग खेळाडू येईपर्यंत अख्खं गाव गोठून उभं राहतं. आमच्या पहारेकऱ्याला मुलीच्या लग्नाआधी थकलेला पगार हवा होता. नाही मिळाला तर तो चोरांसाठी मागचं दार उघडणार होता. खेळाडूंनी त्याला भाकरी दिली, पण पगाराचं विसरले. त्याने दार उघडलं. चार महिन्यांनी त्याच दाराने ते भुयारात उतरले. म्हणजे माझी पानं अगदीच वाया गेली असं नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तेव्हा चालवणाऱ्याला 'रेफरी' म्हटलं होतं. 'मास्टर' नंतर आलं. मला जुना शब्द बरा वाटतो. मास्टर म्हटलं की हातात छडी आल्यासारखं होतं.

दुसरी चूक फाशांची. गोष्ट पुढे सरकायला जी वस्तू लागणार, ती मी चोरदारामागे ठेवली आणि दार सापडायला फाशाची बेरीज किमान २० हवी अशी अट ठेवली. पात्रांच्या फाशात तीनची भर होती, म्हणजे वीसपैलू फाशावर १७ किंवा वर पडायला हवं: वीसातल्या चारच बाजू. पाच जणांनी एकेकदा टाकला तरी साधारण तीन वेळांत एकदा सगळेच फसणार. ती वेळ नेमकी आमचीच आली. अर्धा तास पाच शहाणी माणसं भिंत चाचपत होती. दार सापडू द्या हो. फासा टाकायचाच तर आवाज होऊन कुणी जागं होतं का, यावर टाका. हुकलं तरी काहीतरी घडलं पाहिजे.

पुस्तकं घ्यायची घाई नको. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत, पहिलं वर्ष त्यावर निघतं. शब्दांना लाजू नका. आम्ही हिट पॉइंटला 'जीव' म्हणतो ("जीव किती राहिला?") आणि इनिशिएटिव्हला 'पाळी'. चिडल्यावर आमचा एक जादूगार कन्नडमध्ये बोलतो आणि त्याची बहीण तेलुगूत उत्तर देते.

खेळायला बसण्याआधी एकदा नुसत्या चहाला बसा. कुणाला काय नकोय ते तिथे निघतं. आमच्यातल्या एकीच्या वडिलांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. खेळात आजारपण नको, एवढंच ती म्हणाली. आमच्या गावात अजून कुणी आजारी पडलेलं नाही.

त्याच चहाला वार ठरवा. ड्रॅगनने आमची एकही मोहीम बुडवलेली नाही, पाण्याच्या दिवसाने दोन बुडवल्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक धडधाकट माणूस टाकीपाशी लागतं. आता आधी पाण्याचा दिवस विचारतो, मग खेळाचा.

या रविवारची माझी तयारी एका पाठकोऱ्या कागदावर आहे. कंदील विकणारी बाई: हरवलेला नवरा सापडायला नको आहे. घाटावरचा हिशेबनीस: तो सापडायलाच हवा आहे. तिसरी ओळ पहारेकऱ्याच्या मुलीच्या लग्नाची. आहेर काय द्यायचा यावरून ग्रुपवर कालपासून भांडण चालू आहे, मी त्यात पडलेलो नाही.