परतीचे सहा टप्पे

दादरला मी कथालेखनाचा वर्ग घेते. प्रत्येक तुकडीत हा प्रश्न येतोच : ‘मॅडम, नायकाच्या प्रवासाचे ते बारा टप्पे पाळायलाच हवेत का?’ मुलं मालिका, वेबसिरीज लिहायची स्वप्नं बघत असतात. घर सोडून निघालेला नायक कसोट्या पार करून परततो, अशा गोष्टीचा तो ठरीव तक्ता कुणीतरी त्यांच्या हाती दिलेला असतो.

तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, म्हणून सांगते. बारा टप्पे ही ख्रिस्तोफर व्होग्लरने पटकथाकारांसाठी केलेली सुटसुटीत मांडणी. मुळात जोसेफ कॅम्पबेल या पुराणकथांच्या अभ्यासकाच्या १९४९च्या ग्रंथात टप्पे आहेत १७. निघण्याचे पाच, कसोट्यांचे सहा आणि परतण्याचे सहा. परतण्याला त्याने इतकी जागा दिली, आणि आमची मुलं तेवढंच दोन ओळींत उरकतात. राक्षस मेला, संपली गोष्ट.

मग मी त्यांना कच सांगते. देवांकडे संजीवनी विद्या नाही, म्हणून बृहस्पतीचा हा मुलगा थेट शत्रूच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे शिकायला जातो. दानव त्याला तीनदा मारतात. तिसऱ्यांदा तर जाळून, राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. गुरूच्या पोटात बसून कच विद्या शिकतो, पोट फाडून बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला त्याच विद्येने उठवतो. कॅम्पबेलचा ‘देवमाशाचं पोट’ हा टप्पा आठवावा असा हा प्रसंग. पण माझा जीव अडकतो पुढे. गुरूची मुलगी देवयानी, तिला लग्नाला नकार दिल्यावर ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला तर फळेल! आणि तो घरी जातो. स्वतःच्या उपयोगाची नसलेली विद्या जपून आणणारा हा नायक मला फार मोठा वाटतो.

तरीही ‘पाळायलाच हवेत का’ याला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचं कारण माझ्या घरात आहे.

आजोबा कोकणातून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागला गिरणीत लागले. निघण्याची हाक, ओलांडलेला उंबरठा, कसोट्या, सगळं तक्त्याबरहुकूम. दर गणपतीला ट्रंक भरून गावी जायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आजोबाही होते. गिरणीत ते पुन्हा गेले नाहीत.

कॅम्पबेलच्या त्या सहांतला पहिला टप्पा आहे ‘परतायला नकार’. पण त्याच्या नायकाला जे मिळालं त्याचं सुख सोडवत नाही, म्हणून त्याचा पाय निघत नाही. हात रिकामे म्हणून न परतणाऱ्या माणसाला त्या यादीत जागा नाही. गिरणगावात मात्र अशी माणसं चाळी-चाळीत होती. तुमचा नायक जिथे तक्त्यात बसेनासा होतो, तिथे तक्ता बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसून राहा. मी मुलांना इतकंच सांगते.

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. गणपतीच्या आधी आजोबा मला घेऊन गाववाल्यांना एसटीत बसवून द्यायला गेले. खिडकीतून एकाच्या हाती नारळ आणि कापराची पुडी दिली. म्हणाले, ‘पुढच्या वर्षी येतो म्हणून सांग.’ एसटी सुटली. आम्ही चालत घरी आलो.