बाईंची व्हॅनाडिस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या रसायनशास्त्राच्या आपल्या बाई. मागच्या इमारतीतली माडीवरची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं दुसरं घरच.

बारावीला लोखंड, तांबं यांसारखी संक्रमण मूलद्रव्यं शिकवताना बाईंनी पुस्तक मिटलं आणि स्वीडनची गोष्ट सुरू केली. तिकडच्या जुन्या पुराणकथांतली फ्रेया ही प्रेमाची, सौंदर्याची देवी. तिचंच एक नाव व्हॅनाडिस. १८३० साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ सेफस्ट्रॉम यांना तिथल्याच टाबर्गच्या लोहखनिजातून काढलेल्या लोखंडात एक मूलद्रव्य सापडलं. त्याच्या संयुगांचे रंग इतके देखणे, की त्याला देवीचंच नाव मिळालं: व्हॅनेडियम. स्वीडनचाच थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने, हा शोध थोडक्यात हुकलेल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरला पत्रात लिहिलं होतं, की देवीच्या दारावर एकाने टकटक केली आणि ती उठेना म्हणून तो परत गेला, तो तू. सेफस्ट्रॉम दार वाजवत राहिला, त्यालाच तिने उघडलं. त्याही आधी, १८०१ मध्ये, मेक्सिकोत देल रिओ या खनिजशास्त्रज्ञांना हेच मूलद्रव्य मिळालं होतं. पण 'हे तर क्रोमियमच' असा निर्वाळा पॅरिसहून आला आणि त्यांचं श्रेय गेलं. हे सांगताना बाईंचा आवाज जड झाला होता.

मग शाळा सुटल्यावर आम्हा चार-पाच जणांना थांबवून त्यांनी देवी दाखवली. अमोनियम मेटाव्हॅनेडेट या व्हॅनेडियमच्या संयुगाचं आम्लातलं पिवळं द्रावण, त्यात जस्ताचे तुकडे. फसफस सुरू झाली. पिवळ्याचं हिरवट, मग स्वच्छ निळं, पुन्हा हिरवं आणि शेवटी जांभळं! "घाई करू नका रे, तिला वेळ द्या," बाई म्हणाल्या. शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात उभे होते, तेही बघत राहिले.

आज मी सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. आमच्या कन्व्हर्टरमध्ये सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होतो, तो व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या उत्प्रेरकावर, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावर. नव्या मुलांना त्याची गोळी हातमोज्यावर ठेवून दाखवतो आणि बाईंची गोष्ट सांगतो. पान्यावर कोरलेलं 'क्रोम व्हॅनेडियम' वाचलं तरी बाईच आठवतात.

माडीवरच्या प्रयोगशाळेत आता संगणक आहेत आणि हा प्रयोग पडद्यावर दाखवतात, असं कळलं. वाईट वाटलं. संस्थेने एक ओटा, एक नळ आणि काचेचं कपाट पुन्हा उभं करावं. रसायनं आणि काचसामान दरवर्षी माझ्याकडून येईल.