आमची वाटचाल : राजारामपुरीतला पोर्ट्रेट स्टुडिओ

पासपोर्ट, बारसं, लग्न, प्री-वेडिंग, पहिली काही वर्षं यातच गेली, पोट भरलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते बॉडी पोर्ट्रेटचं, म्हणजे उघड्या अंगाच्या फोटोंचं, कारण कोल्हापुरात "असले फोटो" कोण काढून घेणार म्हणून हसणारेच आज त्याची पॅकेजं विकतायत.

1991 ला व्हॅनिटी फेअर या अमेरिकन मासिकाच्या कव्हरवर फोटोग्राफर अ‍ॅनी लीबोवित्झनं काढलेला गरोदर नटी डेमी मूरचा उघड्या अंगाचा फोटो आला, तर अमेरिकेत पण काही दुकानांनी तो अंक कागदात गुंडाळून विकला. मग आमच्या राजारामपुरीला काय नावं ठेवायची!

आमच्याकडे हे काम सुरू झालं एका बाईंमुळे. शाळेतनं रिटायर झालेल्या, कॅन्सरमध्ये एक स्तन काढलेला. म्हणाल्या, "डॉक्टर सोडून ही जागा कुणी नीट बघितलेली नाही, मी पण नाही. फोटो काढ, पण सुंदर बिंदर करू नकोस." आतून कडी, एसी बंद, हीटर चालू (अंगावर काटा आला की 85 एमएमच्या लेन्सला तो पण दिसतो), आणि आधी निवांत चहा, कारण ब्लाउजच्या शिवणीचे, इलॅस्टिकचे वळ जायला वेळ लागतोच. समोरनं ऑक्टा (मोठ्या छत्रीसारखा मऊ उजेडाचा लाइट) मारला असता तर व्रण सपाट दिसला असता, म्हणून सॉफ्टबॉक्स (कापडी पेटीतला लाइट) पार बाजूला घेतला, उजेड पसरू नये म्हणून ग्रिड, म्हणजे जाळी लावली, आणि कडेनं घासून जाणाऱ्या उजेडात काखेपर्यंत गेलेली ती रेघ टाक्यांसकट वर आली. बाईंनी स्क्रीनवर बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं, म्हणाल्या, "शिवण बरी घातलीय की."

तेव्हा आमचा एक पार्टनर होता, नाव घेत नाही. लाइट मांडायचा आणि बाहेर जायचं हा नियम त्यानं कायम पाळला, तेवढं श्रेय देते. भांडण रिटचिंगवरनं, म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर सुधारण्यावरनं. फ्रिक्वेन्सी सेपरेशन नावाची युक्ती करून कातडी मेणासारखी करायची, स्ट्रेचमार्क गायब, फोटोशॉपच्या लिक्विफायनं कंबर आत, हीच त्याची हौस. नॉर्वेत 2022 पासून जाहिरातीत शरीर असं बदललं तर तसं लेबल लावावं लागतं, इथं उलट त्याचे जास्त पैसे घेतात.

वेगळा झाला, जवळच स्टुडिओ टाकला, तेही ठीक. पण जाताना हार्ड डिस्क नेली आणि आमच्या एका गरोदर कस्टमरचा फोटो स्वतःच्या इन्स्टावर टाकला. चेहरा क्रॉप केलाय म्हणे! अहो, पोटावरचा तीळ घरच्यांना ओळखू येत नाही होय? तिचा नवरा आला तो आमच्याच दारात, आणि बोंब पण आमच्याच नावानं. बुकिंगं गेली, अ‍ॅडव्हान्स परत केले, भाडं थकलं, बांगड्या गहाण पडल्या. वकील म्हणाले आयटी अ‍ॅक्टच्या कलम 66ई मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते खाजगी अवयवांच्या फोटोला, नुसतं पोट त्यात बसत नाही. म्हणजे फोटो खाजगी, पण कायद्याला पोट खाजगी नाही.

तारलं बाईंनीच. भिशीत चारचौघींसमोर सरळ म्हणाल्या, "माझा उघड्या अंगाचा फोटो हिच्याकडे आहे, कुठं दिसला का कुणाला?" आणि तिथूनच लेकीच्या मॅटर्निटी शूटचा फोन लावला. माझ्या जाहिरातीवर इतका खर्च झाला, पण असं काम एकीनं केलं नाही.

नवीन पोरापोरींना सांगते, विचारलं नसलं तरी. शूटची परवानगी वेगळी, फाइल ठेवायची वेगळी, दाखवायची वेगळी, तिन्हीवर वेगळ्या सह्या घ्या. पेनड्राइव्ह हातात द्या, कार्ड तिच्यासमोर फॉरमॅट करा. पोज देताना स्वतः करून दाखवा, हात लावू नका. आणि शूटच्या दिवशी ढगळ कपडे घालून यायला आदल्या रात्रीच मेसेज टाका, नाहीतर वळ पुसत बसाल.

सध्या त्याच्या बोर्डावर "नॅचरल स्किन पॅकेज" आलंय, चालू द्या. हार्ड डिस्क मात्र अजून परत आलेली नाही. वाचत असशील तर आम्ही सकाळी दहाला उघडतो.