फेकताना मिटणारी बेल

काका खाडीत जिताड्यासाठी गरवण्यात मुरलेले. अलीकडे खडपावरून मोठे पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खोटी आमिषं, फेकू लागले होते. रील माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "जोर लावून फेकलं की दोरी तुटते आणि पॉपर एकटाच जातो. दोरी बदलली, जाड घेतली, तरी तेच."

दोरी गुंडाळलेल्या स्पूलची कड नखाने तपासली, दोरी जिच्यावरून सरकते ती चाकी, म्हणजे लाइन रोलर, फिरवून पाहिला, रॉडच्या कड्यांतून कापूस फिरवला. धागा कुठेच अडकला नाही. टेबलावर रील अगदी ठणठणीत. पण 'ठीक आहे' म्हणून अशी रील परत देणं मला जमत नाही. पॉपरला तीन तोंडांचे गळ असतात आणि तुटलेला पॉपर कुठे जाईल ते फेकणाऱ्याच्या हातात राहत नाही. खडपावर शेजारी कुणाचंतरी पोरगं उभं असतं.

म्हणून ओहोटी बघून दोघं मिऱ्याच्या खडपावर गेलो. हलक्या लूरने, म्हणजे हलक्या खोट्या आमिषाने, काहीच बिघडलं नाही. मग गळ काढलेला 80 ग्रॅमचा पॉपर बांधला.

"काका, नेहमीसारखा पूर्ण जोर लावा."

सगळे पॉपरमागे बघतात, मी हँडलवर नजर ठेवली होती. रॉड पुढे आला, हँडल जरासं हललं आणि खट् करून बेल मिटली. बेल म्हणजे फेकताना उघडी ठेवायची तारेची कमान, ती मिटली की सुटणारी दोरी अडते. दोरी तुटली, पॉपर गेला.

बेल उघडी असताना हँडल फिरवलं की आतली कळ तिला मिटवते, रीलची रचनाच तशी आहे. पण फेकण्याच्या झटक्यानेही रोटर, म्हणजे बेल बसवलेला फिरता भाग, फिरू शकतो. तो अडवायला बऱ्याच मोठ्या रीलमध्ये रोटरखाली रबराची बारीक रिंग असते. बेल उघडली की एक खिट्टी त्या रबरावर घासते आणि रोटर जागेवर राहतो. हलक्या लूरला झटका कमी, म्हणून दोष दिसत नव्हता.

परत येऊन रोटर काढला. रिंग ग्रीसने माखलेली! आधी सर्व्हिस करणाऱ्याने खाऱ्या पाण्याच्या धास्तीने सगळीकडे ग्रीस थापलं होतं. गिअरला, बेअरिंगला ग्रीस हवंच, पण ही रिंग कोरडीच राहिली पाहिजे. तिचा ब्रेकच घर्षणावर चालतो. रबर फुगून गुळगुळीत झालं होतं, म्हणून नवीन घातलं आणि खोबण साबणाच्या पाण्याने पुसून वाळवली.

पुढच्या ओहोटीला काकांनी पुन्हा पूर्ण जोर लावला. फेकण्याआधी लाइन रोलर वर, बोटाजवळ आणायचा आणि पॉपर पाण्यात पडल्यावर बेल हाताने मिटवायची, एवढं मी सांगितलं होतं. पॉपर लांब जाऊन पडला, दोरी शाबूत.

"घरी अजून एक रील आहे, त्याच माणसाने सर्व्हिस केलेली," काका म्हणाले. ती उघडली, तर तिचीही रिंग तशीच माखलेली निघाली.