मैदानावरच्या पाट्या आणि ह्यूस्टनची माणसं

ह्यूस्टनमध्ये एखाद्या कंपनीने स्टेडियमला आपलं नाव दिलं म्हणून कोणी भारावून जात नाही. हे कौतुक या शहराने एकदा करून पाहिलंय, आणि ते चांगलंच महागात पडलंय.

इथल्या बेसबॉल संघाचं, म्हणजे ॲस्ट्रोजचं, डाउनटाउनमधलं मैदान 2000 साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं एन्रॉन फील्ड. हो, तीच एन्रॉन. आपली दाभोळवाली. 1995 च्या निवडणुकीत जिला अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या, निवडणुकीनंतर जिच्याशी नव्याने करार झाला आणि 2001 मध्ये जिची महागडी वीज घेणं आपल्या वीज मंडळाने बंद केलं, ती. तिकडे तिच्या नावाने मोर्चे निघत होते आणि इकडे मैदानावर तिची पाटी झळकत होती. करार 30 वर्षांचा, 100 दशलक्ष डॉलरहून मोठा. 2 डिसेंबर 2001 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग स्वतःच्याच मैदानावरून ते नाव उतरवण्यासाठी संघाला 21 लाख डॉलर मोजावे लागले. पुढे तिथे संत्र्याच्या रसवाल्यांचं, मिनिट मेडचं नाव आलं आणि 2025 पासून एसीवाल्या डाइकिनचं आहे. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात एसीवाला प्रायोजक, म्हणजे निदान विकतोय काय ते तरी कळतं.

मला बेसबॉल शिकवला तो आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी. ते एन्रॉनच्या पाइपलाइन विभागात हिशेबनीस होते. निवृत्तीच्या खात्यातली बरीचशी पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये. तिथे तेव्हा बहुतेकांचं तसंच होतं. ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलरला असलेला शेअर पुढच्या वर्षाअखेर एका डॉलरच्याही खाली होता. गॅरेजचं शटर वर करून, खुर्च्या टाकून, समोर टीव्ही लावून ते मॅच बघतात. शेंगा फोडता फोडता त्यांची नजर चेंडूवर कमी आणि पाट्यांवर जास्त असते. ‘हा पैसा कुणाचा?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मला आधी वाटायचं, खवट म्हातारा आहे. मग 2022 आलं.

त्या वर्षी ॲस्ट्रोज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेला पोहोचले. सामन्यात अंपायरच्या गणवेशावर तीन अक्षरं होती : एफटीएक्स. ही क्रिप्टोचलनांची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, म्हणजे एक्स्चेंज. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये अंपायरच्या अंगावर जाहिरात लागण्याची ही पहिलीच वेळ. 2021 च्या जुलैपासून ती होती. खेळाडूच्या छातीवर, कुंपणावर, टोपीवर जागा सगळेच विकत घेतात. ज्याच्या बोटावर दोन्ही संघांनी विश्वास ठेवायचा, त्या माणसाची बाही विकत घ्यायची हे डोकं मात्र मानलं पाहिजे. ज्या धंद्यात विश्वासाचाच तुटवडा आहे, त्याने तो अंपायरकडून उसना घेतला.

5 नोव्हेंबरला, शनिवारी रात्री, ॲस्ट्रोजनी फिलाडेल्फियाला हरवून सिरीज जिंकली. त्याच आठवड्यात ‘कॉइनडेस्क’ या वृत्तस्थळाने बातमी दिली होती की एफटीएक्सच्या मालकाची जी दुसरी कंपनी आहे, अलामेडा, तिच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून भरलंय काय, तर मोठ्या प्रमाणात एफटीएक्सनेच काढलेलं टोकन, म्हणजे घरचंच क्रिप्टोचलन. रविवारी प्रतिस्पर्धी बायनान्सच्या प्रमुखाने जाहीर केलं की आपल्याकडचं ते टोकन आम्ही विकून टाकतोय. सोमवारी ह्यूस्टनच्या रस्त्यांवर विजयाची मिरवणूक निघाली, लाखो लोक, शाळांना सुट्टी. आणि त्याच सोमवारी जगभरातले खातेदार एफटीएक्समधून पैसे काढायला धावत होते. मंगळवारी पैसे देणं बंद. शुक्रवारी, 11 तारखेला, दिवाळखोरी.

आता यातला ह्यूस्टनकरांना सगळ्यात भावलेला योगायोग. कंपनी निस्तरायला जो नवा प्रमुख नेमला, तो जॉन रे. एन्रॉन बुडाल्यावर तिथली निरवानिरव केलेला हाच माणूस. त्याने न्यायालयात लिहून दिलं की कंपनीच्या कारभारावरच्या नियंत्रणाचा इतका बोजवारा आपण आपल्या अख्ख्या कारकिर्दीत पाहिला नाही. हे एन्रॉन पाहिलेला माणूस म्हणतोय! अमेरिकेच्या संसदेसमोर त्याने सांगितलं की अब्जावधींच्या या कंपनीचे हिशेब क्विकबुक्सवर ठेवले जात होते, म्हणजे आपल्याकडे कापडाच्या दुकानात टॅली वापरतात, त्या जातीचं सॉफ्टवेअर. गॅरेजवाल्या हिशेबनिसांनी हे ऐकलं आणि शेंगांची वाटी खाली ठेवून मिनिटभर नुसते हसत होते.

खातेदारांच्या ठेवी परस्पर अलामेडाकडे वळवलेल्या निघाल्या. सुमारे 8 अब्ज डॉलरचं भगदाड. 2 नोव्हेंबर 2023 ला संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड सातही आरोपांत दोषी ठरला, मार्च 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. मायामीच्या बास्केटबॉल मैदानाला एफटीएक्सने 19 वर्षांसाठी 135 दशलक्ष डॉलरला आपलं नाव दिलं होतं. दोन वर्षं व्हायच्या आत ते उतरवण्याची परवानगी न्यायालयाकडून घ्यावी लागली. लोकांचे पैसे पुढे परत मिळू लागले, पण नोव्हेंबर 2022 च्या भावाने. तेव्हा बिटकॉइन 16-17 हजार डॉलरच्या आसपास होतं. परतफेडीचा आराखडा मंजूर झाला तेव्हा 60 हजारांच्या वर गेलेलं. कागदावर पूर्ण भरपाई, व्याजासकट. खातेदाराला विचारा.

2022 च्याच फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी टीव्हीवर क्रिप्टोच्या जाहिरातींचा पूर आला होता. कॉइनबेस या दुसऱ्या एक्स्चेंजने तर मिनिटभर पडद्यावर नुसता क्यूआर कोड इकडून तिकडे फिरवला आणि लोकांनी तो इतका स्कॅन केला की त्यांचं ॲप बंद पडलं. एफटीएक्सच्या जाहिरातीत विनोदी नट लॅरी डेव्हिड होता. इतिहासातल्या प्रत्येक शोधाला, अगदी चाकालाही, नाक मुरडणारं त्याचं पात्र शेवटी एफटीएक्सलाही नको म्हणतं, आणि आपण त्याला हसावं अशी अपेक्षा. नऊ महिन्यांत कळलं की त्या जाहिरातीत शहाणा तेवढा एकच होता. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये क्रिप्टोची एकही जाहिरात नव्हती. प्यू संस्थेच्या 2023 च्या पाहणीत, क्रिप्टोबद्दल ऐकलेल्या अमेरिकनांपैकी 75 टक्के लोकांनी सांगितलं की या व्यवहारांच्या सुरक्षिततेवर आपला भरवसा नाही.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण नाशिक.

माझा मामेभाऊ निखिल जेलरोडला राहतो. त्याने गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. गंगापूर रोडच्या एका हॉटेलात मीटिंग, पाठीमागे फ्लेक्स, फ्लेक्सवर कुठल्याशा ‘कॉइन’चं नाव आणि शेजारी क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला लागलेली त्याच नावाची पाटी. खाली निखिलचा प्रश्न : “दादा, मॅचमध्ये बोर्ड लागतो म्हणजे कंपनी फालतू नसणार ना? एवढे पैसे कोण उगाच घालतं?”

प्रश्न वेडगळ नाही. आपल्या पिढीला ओळख अशीच पटत आलीय. पण निखिल, भारतीय संघाच्याच छातीवर कोण कोण येऊन गेलं ते आठव. सहारा बारा वर्षं होती. तिच्या ठेवीदारांसाठी 2023 मध्ये सरकारला परताव्याचं पोर्टल उघडावं लागलं. बायजूज आली, पुढे 158 कोटींच्या थकबाकीसाठी बीसीसीआयलाच तिच्याविरुद्ध दिवाळखोरी न्यायाधिकरणात जावं लागलं. म्हणजे ज्यांनी पाटी लावू दिली, त्यांचेच पैसे अडकले. जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ प्रायोजकाची पत ओळखू शकलं नाही, आणि आपण टीव्हीसमोर बसून ती ओळखणार! इटलीत इंटर मिलान या फुटबॉल क्लबचंही तेच. शर्टावर क्रिप्टोवाल्या डिजिटलबिट्सचं नाव, पैसे येईनात म्हणून 2023 मध्ये नाव काढलं आणि चॅम्पियन्स लीगची अंतिम मॅच दुसऱ्याच प्रायोजकाच्या नावाने खेळले.

क्रिकेटवाल्यांसाठी आणखी एक, हाही ह्यूस्टनचाच. ॲलन स्टॅनफर्ड. 2008 मध्ये लॉर्ड्सच्या हिरवळीवर हेलिकॉप्टरने उतरला, सोबत नोटांनी भरलेली पारदर्शक पेटी. ॲंटिग्वात एकाच ट्वेन्टी-20 साठी 2 कोटी डॉलर, जिंकणाऱ्या संघाला सगळे. इंग्लंडचं मंडळ हात जोडून स्वागताला. त्या मॅचनंतर चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 2009 मध्ये, त्याच्यावर खटला. ॲंटिग्वाच्या स्वतःच्या बँकेच्या ठेवपत्रांवर जमवलेले सुमारे 7 अब्ज डॉलर, नव्या ठेवीतून जुन्यांचं व्याज. 110 वर्षांची शिक्षा त्याला इथल्याच न्यायालयात झाली. यात क्रिप्टो कुठेच नव्हतं, म्हणजे दोष फक्त तंत्रज्ञानाचा आहे असंही नाही.

मग ‘एवढे पैसे कोण उगाच घालतं?’ उगाच कोणीच घालत नाही. एक्स्चेंजची कमाई लोकांच्या खरेदी-विक्रीवरच्या कमिशनची. रोज नवे लोक आले तर भाव चढा, व्यवहार जास्त, कमिशन जास्त. पण नव्या माणसाने जावं कुठे? शाखा नाही, काउंटर नाही, ओळखीचा मॅनेजर नाही. म्हणून ज्या खेळावर लोकांचा जीव आहे, तिथे जाऊन उभं राहायचं. पाटीवरून एवढंच कळतं की करार केला त्या दिवशी कंपनीकडे पैसा होता. स्वतःचा की ठेवीदारांचा, हे पाटी सांगत नाही. सगळेच लुच्चे आहेत असं माझं म्हणणं नाही. लॉस एंजेलिसच्या मैदानावर क्रिप्टो डॉट कॉमचं 70 कोटी डॉलरचं नाव 2021 पासून टिकून आहे, फॉर्म्युला वन आणि युरोपातल्या फुटबॉलमध्ये अशा पाट्या दिसतातच. फक्त पाटी हा पुरावा नव्हे.

निखिलला मीटिंगमध्ये आणखी एक मुद्दा पटवून दिला होता : सरकार यावर कर घेतं, म्हणजे हे सरकारमान्य आहे. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि त्या जुलैपासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस, हे खरं. पण कर घेणं आणि हमी घेणं यांचा संबंध नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्याच ‘ॲस्की’ने त्याच एप्रिलपासून क्रिप्टोच्या जाहिरातीत सूचना सक्तीची केलीय, जिचा मथितार्थ असा की हे अनियंत्रित आहे, अतिशय जोखमीचं आहे आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नसू शकते. फ्लेक्सवर ती ओळ मी फोटो मोठा करकरून शोधली. जेवणाचा मेनू दिसला.

नाशिककरांना हे मी सांगावं, याचंच मला नवल वाटतं. केबीसी या गुंतवणूक कंपनीच्या फसवणुकीचं 2014 चं प्रकरण आपल्याच गावातलं. शिवाय देशाच्या नोटा छापणारं गाव आपलं. मामा नोट प्रेसमधून निवृत्त झाले. 2021 मध्ये प्रेसमधून पाच लाखांच्या नोटा गहाळ झाल्याची बातमी आली तेव्हा ते निवृत्त असूनही त्यांना दोन रात्री झोप नव्हती. कागद मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, यात त्यांचा जन्म गेला. निखिलच्या फोटोवर व्हिडिओ कॉलवर आमचं चाललेलं असताना त्यांनी मागून डोकावून विचारलं, “पैशावर सही कोणाची असते यांच्या?”

निखिल म्हणाला, “बाबा, सही नसते त्यात. ते ब्लॉकचेनवर असतं.”

“मग द्यायचं वचन कोणी दिलंय?”

निखिल म्हणे की त्याच्या मित्राने पाच हजार टाकून सहा हजार काढूनसुद्धा दाखवले. त्यावर जाऊ नकोस, असं मी त्याला बजावलंय. थोडे पैसे सुरुवातीला सगळेच काढू देतात. एफटीएक्समधूनही शेवटच्या सोमवारपर्यंत निघत होते.

पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे, जेवणासकट. निखिल जाणार नाही म्हणतो. मामा मात्र जाणार आहेत. सहीचा प्रश्न तिथे स्टेजवरच्या माणसाला विचारायचा आहे आणि मामी सांगत होती, इस्त्रीचा शर्ट आत्तापासून काढून ठेवलाय.