मेणातला ध्वज

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर अमेरिकन झेंडे इतके आहेत, की दोन-चार चौक ओलांडेपर्यंत नजर त्यांच्यावर थांबेनाशी होते. तिथून 53व्या रस्त्याला वळून मी मोमात, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गेले, ती अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचा ‘फ्लॅग’ पाहायला.

चित्र 1954-55चं, रुंदी दीड मीटरहून थोडी जास्त. लांबून तो निव्वळ झेंडा आहे: 13 पट्टे, निळ्या चौकोनात आठ-आठ ताऱ्यांच्या सहा ओळी. तारे 48च, कारण अलास्का आणि हवाई राज्यं झाली ती 1959मध्ये. जवळ गेलं की झेंडा हरवतो आणि मेण दिसू लागतं. जॉन्सने वर्तमानपत्राचे तुकडे वितळलेल्या रंगीत मेणात बुडवून चिकटवले. मेण झटकन थिजतं, म्हणून ब्रशचा फटकारा न् फटकारा सुटा राहतो, ओघळ वाटेतच थबकतात. पट्ट्यांखालून छापील मजकूर डोकावतो. मी कितीतरी वेळ वाचत राहिले. अक्षरं लागली, बातमी काही लागली नाही.

मोठा अमेरिकन झेंडा रंगवत असल्याचं आपल्याला स्वप्न पडलं, असं जॉन्सने सांगितलं आहे. लष्करातली नोकरी संपून त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि देशात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून सिनेटर मॅकार्थीने चालवलेल्या चौकशा गाजत होत्या. मग हे देशप्रेम की टीका? चित्र कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

मोमाच्या संग्रहाची सूत्रं सांभाळणारे आल्फ्रेड बार यांनाही हा प्रश्न सतावला. जॉन्सच्या 1958च्या प्रदर्शनातून त्यांनी संग्रहालयासाठी त्याची इतर चित्रं घेतली, पण हे देशविरोधी ठरेल या धास्तीने वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांना विकत घ्यायला लावलं. संग्रहालयाला ते मिळालं 1973मध्ये. ज्या चित्रात एकही रेघ वावगी नाही, त्याची धास्ती वाटावी, यातच मला त्याची ताकद दिसते. झेंड्याचा अर्थ आपण ठरलेला धरून चालतो. जॉन्स तो पुन्हा आपल्यावर सोपवतो.

पुढे न्यूयॉर्कच्याच मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचा 1955चा ‘व्हाइट फ्लॅग’ पाहिला. हा तीन मीटरहून रुंद, आणि लाल-निळा जाऊन सगळा पांढुरका. तरी तो ओळखायला क्षणही लागत नाही. माझ्या शेजारच्या बाईंना ती शरणागती वाटली, मला शोक. आम्ही बराच वेळ बोललो, आणि दोघीही आपापल्या मतावर ठाम राहिलो.